तुटलेला दात, शाबूत मूळ

दाढेच्या दुखण्याकडे आपल्या घरांत बहुधा दुर्लक्षच होते. लवंगेचे तेल लावून, दुसऱ्या बाजूने चावून महिनोन्महिने दिवस काढणारी माणसे आपण पाहतो. परंतु पुढचा दात मोडला, की घराचा नूर क्षणात पालटतो. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर आईच्या काळजाचा ठोका चुकतो. पेढीवर बसणारा तरुण असेल तर गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा हात नकळत ओठापाशी जातो. शाळकरी मुलगा असेल तर तो हसणेच सोडून देतो. या अस्वस्थतेतून दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘डॉक्टरसाहेब, हा काढूनच टाका आणि नवा पक्का दात बसवून द्या. एकदाचे काम होऊन जाऊ दे.’

वाचकांना त्या वाक्यापाशी थोडा वेळ थांबवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दाताचा जो भाग मोडून पडला तो दिसणारा भाग होय. दाताचे खरे मोल त्याच्या मुळात आणि त्या मुळाभोवतीच्या हाडात असते. व्यापारात नफा बुडाला तरी मुद्दल शाबूत असेल तर दुकान पुन्हा उभे राहते. इथेही हिशेब तोच आहे. वाईट रीतीने मोडलेले अनेक दात वाचवता येतात, आणि जे आयुष्यभर टिकणार नाहीत तेही काही वर्षे राखणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

दाताची घडण

वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात अपघातात सर्वांत अधिक मोडतात. ज्यांचे हे दात पुढे आलेले असतात आणि वरचा ओठ त्यांना पुरता झाकत नाही, त्यांना हा धोका विशेष. प्रौढ माणसाच्या अशा दाताची लांबी सुमारे २३ ते २४ मिलिमीटर भरते. त्यांपैकी बाहेर दिसणारा भाग साधारण साडेदहा मिलिमीटर आणि मूळ सुमारे १३ मिलिमीटर. म्हणजे आरशात दिसतो तो दाताचा निम्म्याहून कमी हिस्सा.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. पण कठीण असल्यामुळेच काचेसारखा ठिसूळ. त्याच्या आत डेंटिन असते. त्यात अतिसूक्ष्म नलिकांचे जाळे असते, म्हणून ते उघडे पडले की गार पाणी व वारादेखील झोंबतो. सर्वांत आत असते ती दंतमज्जा : रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा जिवंत गाभा. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ जिवंत पडदा असतो. तो दाताला हाडात झुलत्या आधाराने धरून ठेवतो. हा पडदा जिवंत आहे तोवर हाडही जागेवर राहते. दात काढला की तेथील हाड, विशेषतः ओठाकडची पातळ भिंत, झिजू लागते. हिरडी खाली बसते, आणि पुढे कितीही उत्तम कृत्रिम दात बसवला तरी हिरडीची मूळची कमान हुबेहूब परत आणणे अवघड होते.

पहिला तास

जिना उतरताना पाय घसरणे, सायकलवरून पडणे, दुकानाचे शटर ओढताना त्याची कड तोंडावर बसणे, अशा घटना घरोघरी घडतात. अशा वेळी आधी माणसाकडे पाहावे आणि मग दाताकडे. मूर्च्छा आली असेल, वांती होत असेल, गुंगी वाटत असेल किंवा घडलेले आठवत नसेल, तर प्रथम इस्पितळ गाठावे. दात थांबू शकतो, डोक्याचा मार थांबू शकत नाही.

यानंतरचे काम म्हणजे तुकडा शोधणे. मोडलेला तुकडा अनेकदा केरात जातो किंवा ‘आता त्याचा काय उपयोग?’ म्हणून फेकला जातो. वस्तुतः तो नीट जुळत असेल तर त्याच दाताला पुन्हा चिकटवता येतो. त्याच्याइतका अचूक रंग, चकाकी आणि आकार कोणत्याही प्रयोगशाळेतून मिळत नाही. तुकडा कापसात वा कागदात कोरडा गुंडाळू नये; कोरडा पडला की तो पांढुरका दिसू लागतो. दुधात, सलाईनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात बुडवून आणावा. कोरडा आणला गेलाच तर चिकटवण्यापूर्वी तो सुमारे २० मिनिटे पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवतात. ओठ फाटला असेल आणि तुकडा सापडत नसेल, तर तो ओठातच रुतलेला असण्याची शक्यता असते. म्हणून ओठाला टाके घालण्याआधी ओठाचा एक्स-रे काढण्याविषयी डॉक्टरांना अवश्य आठवण करावी.

तुकडा न पडता दात मुळासकट बाहेर आला असेल तर नियम वेगळे आहेत. अशा दाताच्या मुळाला हात लावू नये. दिसणाऱ्या भागालाच धरावे. माती लागली असेल तर दुधाने किंवा काही क्षण पाण्याखाली हलके धुवावे, घासू नये. जमल्यास दात तत्काळ त्याच्या खाचेत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरावा आणि दवाखाना गाठावा. ते जमत नसेल तर दात गार दुधात ठेवावा. अशा दातासाठी पाणी योग्य नव्हे. मुळावरील जिवंत पेशी कोरड्या हवेत फार काळ तग धरत नाहीत. एक तास उलटल्यावर त्या वाचण्याची आशा जवळजवळ संपते. मात्र दुधाचा दात बाहेर आला तर तो पुन्हा बसवायचा नसतो. त्यामुळे खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

मज्जा उघडी पडली तर

मोडलेल्या दाताच्या मधोमध लाल ठिपका दिसला किंवा तेथून रक्त आले, म्हणजे मज्जा उघडी पडली असे समजावे. ‘आता रूट कॅनालच’ असा समज सर्वत्र आहे. पण या ठिकाणी वयाचा विचार फार महत्त्वाचा. वरचा मधला दात सातव्या-आठव्या वर्षी उगवतो, मात्र त्याचे मूळ पूर्ण होऊन टोकाशी मिटते ते दहाव्या वर्षाच्या सुमारास. त्याआधी मज्जा मेली तर मुळाची वाढ तेथेच थांबते. भिंती पातळ राहतात आणि असा दात पुढे किरकोळ धक्क्यानेही मुळाशी मोडू शकतो. म्हणून लहान मुलाच्या दाताची मज्जा जिवंत ठेवणे हे पहिले कर्तव्य होय.

यावरचा उपाय आता चांगला सिद्ध झाला आहे. स्वीडनमधील दंतवैद्य मिओमिर त्स्वेक यांनी १९७८ साली ६० मोडक्या दातांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले. उघड्या पडलेल्या मज्जेचा वरचा सुमारे दोन मिलिमीटर भागच तेवढा काढावा, रक्त थांबल्यावर त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा थर द्यावा आणि दात घट्ट बंद करावा, अशी ही पद्धत. त्यांपैकी ९६ टक्के दातांची मज्जा भरून आली. विशेष म्हणजे काही दातांत अपघात आणि उपचार यांच्यामध्ये अनेक दिवस गेले होते. आज कॅल्शियम हायड्रॉक्साइडऐवजी कॅल्शियम सिलिकेटची सिमेंटही वापरतात. मात्र त्यांतील काही प्रकारांनी दात काळवंडतो, म्हणून पुढच्या दातासाठी न काळवंडणारा प्रकार निवडावा लागतो. प्रौढांच्या दातांतही योग्य परिस्थितीत ही पद्धत उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट. मार बसल्यानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंतही, दात गार स्पर्शाला प्रतिसाद देत नाही. तो मेला असे त्यावरून ठरत नाही. त्याचे मज्जातंतू तात्पुरते बधिर झालेले असतात. दुसरी लक्षणे नसताना केवळ एका तपासणीवरून रूट कॅनालची घाई करू नये. अशा वेळी ‘थोडी वाट पाहू या’ असे म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करीत नसतो.

हिरडीखाली मोडलेला दात

खरी कसोटी लागते ती दात तिरकस मोडून भेग हिरडीच्या खाली, कधी हाडाच्या कडेपर्यंत जाते तेव्हा. वर हलणारा तुकडा, खाली रक्ताळलेली हिरडी, असे दृश्य पाहून दात गेला अशीच घरच्यांची खात्री होते. दंतवैद्य मात्र दोन प्रश्न विचारतो : मूळ उभे चिरले आहे का? आणि हाडाच्या कडेवर मजबूत दात किती उरला आहे?

मूळ उभे चिरले असेल तर प्रयत्न बहुधा व्यर्थ ठरतात. तसे नसेल तर पुढचे सारे गणित मिलिमीटरांचे आहे. हाडाच्या कडेपासून वर साधारण दोन मिलिमीटर जागा हिरडीच्या निरोगी जोडणीला लागते. तिच्यावर आणखी सुमारे दोन मिलिमीटर उंचीची मूळच्या दाताची कड सभोवार हवी, कारण वरची कॅप त्या कडेला कवेत घेऊन बसते. पिंपाला जशी लोखंडी पट्टी, तशी ही पकड. ती नसेल तर कॅप पोस्टसकट निघते किंवा मूळच फुटते. म्हणजे हाडाच्या वर सुमारे चार मिलिमीटर निरोगी दात लागतो.

तेवढा उरला नसेल तर तो मिळवण्याचे मार्ग आहेत. भेग थोडीच खाली असेल तर हिरडी किंचित कापून कड उघडी करता येते. पण पुढच्या दातात हे जपूनच करावे लागते, नाहीतर शेजारच्या दातापेक्षा हा दात लांब दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे उरलेले मूळ तारेच्या हलक्या ताणाने हळूहळू बाहेर ओढणे. दात वाकडे असताना ज्या तारा लावतात, त्याच तंत्राचा हा उपयोग. यास काही आठवडे लागतात, आणि दात पुन्हा आत सरकू नये म्हणून तो पुढे आणखी काही काळ स्थिर धरून ठेवावा लागतो. कधी शस्त्रक्रियेने मूळ अलगद वर उचलून तेथेच बांधतात. मुळाची लांबी १३ मिलिमीटर धरली, तर तीन-चार मिलिमीटर वर घेऊनही नऊ-दहा उरतात. मूळच आखूड असेल तर हा हिशेब जुळत नाही. म्हणून आधी एक्स-रे आणि गरज भासल्यास त्रिमितीय स्कॅन काढून निर्णय घेतात.

यानंतर सामान्यतः रूट कॅनाल, मुळात पोस्ट, त्यावर गाभ्याची बांधणी आणि शेवटी कॅप असा क्रम असतो. ‘सळई घातली की दात मजबूत होतो’ असा एक गैरसमज आहे. पोस्ट दाताला बळ देत नाही; वरच्या बांधणीला धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. बळ असते ते उरलेल्या दातात. म्हणून पोस्ट बसवण्यासाठी मूळ जितके कमी कोरावे तितके बरे.

रूप परत आणताना

दाताला रंगीत भराव घट्ट चिकटतो ही आज आपल्याला साधी गोष्ट वाटते. तिच्यामागे १९५५ साली अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी केलेला प्रयोग आहे. फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर काही सेकंद लावले, तर त्याच्या पृष्ठभागाला सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि रेझिन त्या खाचांत रुतून बसते, हे त्यांनी दाखवले. पुढे राफेल बोवेन यांनी मजबूत रेझिन तयार केले आणि आजच्या कंपोझिटचा पाया घातला गेला. मोडका तुकडा परत चिकटवणे किंवा नसलेला कोपरा घडवणे, ही दोन्ही कामे याच तत्त्वावर होतात.

दाताचा रंग एकसारखा नसतो. मानेपाशी तो पिवळसर, मध्ये दाट आणि टोकाशी काहीसा पारदर्शक असतो. कुशल हात हे थर वेगवेगळ्या छटांनी रचतो. रंग जुळवणे उपचाराच्या आरंभीच करावे लागते, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडा पडून फिका दिसतो. कॅप करायची असेल तर झिरकोनिया किंवा सिरॅमिक निवडले जाते. कायमच्या कॅपआधी तात्पुरती कॅप घालून हिरडीला काही आठवडे विसावू द्यावे. या काळात रूप, उच्चार आणि चावा यांतील उणिवाही कळून येतात. साखरपुडा चार दिवसांवर आला असेल तर त्यासाठी तात्पुरता देखणा दात जरूर मिळू शकतो. त्या तारखेसाठी कायमचा निर्णय मात्र उरकू नये.

दात राखता येत नसेल तर

काही दात हाती लागत नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अशा वेळी लगेच इम्प्लांटचा विचार होतो. प्रौढासाठी तो उत्तम पर्याय असू शकतो. पण वाढत्या मुलाला इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढतो, शेजारचे दात खाली सरकतात, आणि हाडाला घट्ट जखडलेला इम्प्लांट जेथल्या तेथे राहून वर अडकल्यासारखा दिसू लागतो. म्हणून बारा वर्षांच्या मुलाचे मोडके मूळ पाच-सात वर्षे टिकवले, तरी ते त्या जागेचे हाड सांभाळते. तो दात पुढे गेला तरी त्याने आपले काम चोख केलेले असते. मधल्या काळासाठी शेजारच्या दाताच्या मागे चिकटवलेला पंखाचा ब्रिजही चालतो. त्यासाठी शेजारचा दात फारसा घासावा लागत नाही.

इम्प्लांटच्या वेळी हाड कमी असेल तर हाडाची पूड घालतात. पुष्कळदा ही पूड आणि तिच्यावर अंथरायचा पडदा गाय-बैल किंवा डुक्कर यांपासून काढलेला असतो. आपल्या घरांत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो संकोच न करता आधीच विचारावा. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची पूडही मिळते आणि अनेक ठिकाणी ती वापरता येते. तसेच सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांनी किंवा उपवास चालू असणाऱ्यांनी ते औषधे लिहून घेतानाच सांगावे, म्हणजे वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घ्याव्या लागत नाहीत.

अर्धवट उपचार

मोडलेला दात अनेकदा मारामुळे जात नाही, तो उपचार मध्येच सोडल्यामुळे जातो. रूट कॅनाल झाले, दुखणे थांबले, तात्पुरता भराव बसला. मग ‘दिवाळीचा सीझन आटोपला की येतो’ असे म्हणून माणूस दुकानात जातो तो सहा महिन्यांनी उगवतो. तोवर भराव निघालेला असतो, लाळ आणि जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोचलेले असतात, आणि वाचलेली कडही किडलेली असते. पहिल्याच दिवशी टप्पे, तारखा आणि खर्च लेखी मागून घ्यावा, आणि सवड नसेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. सीझन सांभाळून उपचाराची आखणी होऊ शकते. न सांगता खंड पडला तर नाही.

दुखणे थांबले म्हणून तपासण्या टाळू नयेत. मज्जा उघडी पडलेल्या दातासाठी आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सहा ते आठ आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा भेटी सांगितल्या आहेत. भेग मुळापर्यंत गेली असेल तर पुढे किमान पाच वर्षे दरवर्षी एकदा. दात करडा होणे, हिरडीवर पुटकुळी येणे, चावताना ठणकणे ही लक्षणे दिसली तर नेमलेल्या तारखेची वाट पाहू नये. रूट कॅनाल केलेला दात पुढे काळवंडला, तर नवी कॅप हाच उपाय नव्हे. आतून औषध ठेवून तो पुष्कळदा पुन्हा उजळवता येतो.

आणि जो दात एकदा सावरला, त्याला थोडे जपावे. दाताने दोरा तोडणे, पार्सलची पट्टी फाडणे, अख्खी सुपारी फोडणे या सवयी दुकानात आणि घरात सर्रास दिसतात. त्या सोडलेल्या बऱ्या. हॉकी, कराटे, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलांना मापाचा माऊथगार्ड करून द्यावा. पुढे आलेले दात वेळीच मागे घ्यावेत.

पुढचा दात मोडला तर दवाखान्यात जाताना तुकडा ओला ठेवून सोबत न्यावा, आणि ‘काढून टाका’ म्हणण्याऐवजी एवढेच विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, मूळ शाबूत आहे ना? ते किती वर्षे राखता येईल?’ उत्तर काहीही येवो, दात काढण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.